ससा स्वतःच्या लेंड्या खातो तेव्हा: कोल्हापूरच्या ससेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या घरात नऊ वर्षांपासून ससे आहेत. मी डॉक्टर नाही. पण गल्लीत, नात्यात किंवा ऑफिसात कुणी ससा आणला की पंधरा दिवसांत मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अगं, आमचं ससं घाण खातंय की!" तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

आमचा ससा पाठीमागे मान वळवून स्वतःची घाण खातो. त्याला काही झालंय का?

नाही. उलट तो तसं करायचा थांबला तर काळजी करा.

सगळे ससे हे करतात, पाळीव आणि रानातलेही. म्हैस जशी खाल्लेलं परत तोंडात आणून रवंथ करते, तसाच हा सशाचा रवंथ आहे. फक्त वाट वेगळी. म्हशीचा कारखाना पुढे, पोटात असतो. सशाचा मागे, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या सीकम नावाच्या पिशवीत. तिथले जंतू गवत आंबवून त्यातून प्रथिनं आणि ब, के ही जीवनसत्त्वं तयार करतात. पण ही पिशवी लहान आतडं संपल्यानंतर येत असल्यामुळे तयार झालेला माल तसाच बाहेर पडतो. तो वाया जाऊ नये म्हणून ससा तो परत खातो. फ्रान्समधल्या मोरो नावाच्या पशुवैद्याने हे १८८२ मध्येच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे सशाच्या दुकानात मात्र ते कुणी सांगत नाही.

म्हणजे लेंड्या दोन प्रकारच्या असतात?

हो, आणि हे एकदा कळलं की पुढचं निम्मं काम झालं.

कडक लेंडी गोल, कोरडी, वाटाण्याएवढी असते. बोटांत चुरली तर आत गवताचा भुसा दिसतो आणि वास जवळजवळ येत नाही. मऊ लेंड्या बारीक, काळपट, चकचकीत असतात. तुतीच्या फळासारखा त्यांचा घोस असतो, वरून चिकट आवरण असतं आणि वास उग्र येतो. बहुतेक जणांना त्या कधी दिसतच नाहीत, कारण ससा त्या खाली पडू न देता थेट तोंडात घेतो. बहुधा रात्री उशिरा, पहाटे, किंवा दुपारी शांत बसलेला असताना.

हे वेगळं कसं होतं ते गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला लगेच समजेल. घाण्यात ऊस घातला की रस एकीकडे जातो आणि चिपाड दुसरीकडे पडतं. सशाचं मोठं आतडंही हेच करतं. जाड तंतू पुढे ढकलतं, त्यांची कडक लेंडी होते. बारीक कण आणि पातळ भाग उलटा फिरवून सीकममध्ये पाठवतं, तिथे तो आंबतो आणि काही तासांनी मऊ लेंडी होऊन येतो. थोडक्यात कडक लेंडी म्हणजे चिपाड. पण चिपाडाशिवाय गुऱ्हाळ चालत नाही, काहिलीखाली तेच जळतं. सशाच्या पोटातही तसंच: जाड तंतू पचत नाहीत, पण आतडं हलतं राहतं ते त्यांच्याच जोरावर.

ते समजलं. पण आमचा पिंजऱ्यात पडलेल्या कडक लेंड्यासुद्धा वेचून खातो, कुडुमकुडुम आवाज येतो. हे तर चुकीचं ना?

खरा प्रश्न हाच आहे, आणि आवाजाचं तुम्ही बरोबर टिपलंत. मऊ लेंडी ससा सहसा न चावता गिळतो, कारण तिचं आवरण फुटलं तर आतले जंतू जठरातल्या आम्लात मरतील. कडक लेंडी तो चांगली चावून खातो. म्हणजे आवाज येत असेल तर ती कडकच.

दिवसातून एखाददुसरी खाल्ली तर दुर्लक्ष करा. रानात बिळात दडून बसलेला ससा, बाहेर चरायला जाता येत नसेल तर कडक लेंड्याही परत चघळतो. ताज्या, कोरड्या, स्वतःच्याच लेंडीने पोट बिघडत नाही. ती शेवटी चावलेलं गवतच.

पण रोज, वेचून वेचून खात असेल, तर लेंडीकडे नव्हे, वैरणीच्या टोपलीकडे बघा. मी ज्या ज्या घरी बघायला गेले, तिथे बहुतेक वेळा टोपली रिकामी होती. कुठे कुठे टोपलीच नव्हती. वाटीत दुकानातलं रंगीत दाण्यांचं खाद्य, शेजारी अर्धं गाजर, बस्स. सशाला तंतू हवेत आणि पिंजऱ्यात तंतू असलेली एकच वस्तू उरली आहे: त्याची लेंडी. तो घाणेरडा नाही, उपाशी आहे. पोट दाण्यांनी भरलेलं असूनही उपाशी.

दुसरं कारण कंटाळा. दोन बाय दीड फुटाच्या पिंजऱ्यात चोवीस तास बसून तुम्हीही काहीतरी चघळायला लागाल. तिसरं कारण, वजन कमी करायचं म्हणून खाद्य एकदम तोडलं आणि त्या जागी गवत वाढवलं नाही. घरात बसून चौकशी करण्याआधी आठ दिवस चोवीस तास गवत समोर ठेवून बघा. बहुतेक ठिकाणी वेचणं आपोआप कमी होतं.

मग कडक लेंड्या खाण्यात धोका काहीच नाही?

ताज्यात जवळपास नाही. शिळ्या, ओल्या, दुसऱ्या सशाच्या लेंड्यांमध्ये आहे.

कोंबड्या पाळणाऱ्यांना रक्ती हगवण माहीत असते. ती ज्या कॉक्सिडिया नावाच्या परजीवींमुळे होते, त्यांच्याच कुळातल्या पण सशांच्या वेगळ्या जाती आहेत. काही आतड्यात राहतात, एक यकृतात. त्यांची अंडी लेंडीबरोबर बाहेर येतात, पण बाहेर पडल्या पडल्या ती लागण करू शकत नाहीत. ओलावा आणि ऊब मिळाली तर साधारण एक ते चार दिवसांत पिकतात आणि मग पोटात गेली तर आजार होतो. आता जुलैमधला कोल्हापूरचा पिंजरा डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर ऊन नाही, खालचं पोतं भिजलेलं, त्यावर चार दिवसांच्या लेंड्या. ससा त्या खातो किंवा त्यावर पडलेलं गवत खातो, एकच गोष्ट.

मोठे ससे बऱ्याचदा काही न दिसता निभावतात. पिल्लं मात्र झपाट्याने जातात: हगवण, पोट फुगणं, वजन न वाढणं, कधी काहीच लक्षण न दिसता सकाळी गार झालेलं पिल्लू. म्हणून पिंजऱ्याचा तळ रोज झाडा आणि आठवड्यातून एकदा उकळतं पाणी ओतून घासा. (ससा बाहेर काढून. हे सांगावं लागतं, अनुभव आहे.) फिनेल किंवा ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, उकळतं पाणी आणि कडक ऊन यांनी मरतात. शंका आली तर ताज्या लेंड्या डबीत घालून पशुवैद्याकडे तपासायला न्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात.

लेंडीवर बारीक पांढरे, हलणारे दोरे दिसले तर ते सशातले सुतकृमी. दिसायला किळसवाणे, पण मोठ्या सशाला फारसा त्रास देत नाहीत आणि माणसाला होत नाहीत. औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

गवत, गवत म्हणता, पण शहरात गवत कुठून आणायचं?

ज्या गावात गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिता येतं, त्या गावात वैरण मिळत नाही हे मला पटत नाही. म्हशी काय खातात? जिथे गोठा आहे तिथे वैरण येते. गवळ्याला विचारा, एक पेंढी सहज देतो.

आता त्यातलं सशाला काय चालतं ते. माळावरचं किंवा डोंगरउतारावरचं वाळलेलं गवत उत्तम. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या भागात कुणी ओळखीचं असेल तर दिवाळीनंतर कापून वाळवलेलं गवत एकदाच पोतंभर आणून कोरड्या जागी ठेवा. ताजी हरळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा, सशाला फार आवडतात; आमच्याकडे पूजेला कमी आणि सशाला जास्त लागतात. मात्र रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या बांधावरची किंवा कुत्री फिरतात तिथली नको.

मक्याची हिरवी पानं थोडी चालतात. कडब्याची वाळलेली पानं चालतात, ताटं बहुतेक ससे सोडून देतात. कोवळी हिरवी ज्वारी मात्र देऊ नका. ती खाऊन जनावरं दगावतात हे कुठलाही शेतकरी सांगेल. भाताचं पिंजर अंथरायला चांगलं, खायला निकस. पिंजराला कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली की सरळ फेकून द्या, झटकून वापरू नका. उसाचं वाढं माणसं फुकट मिळतं म्हणून देतात, पण त्याच्या कडा कापतात आणि ते रोजचं अन्न नव्हे.

लसूणघासाबद्दल वेगळं सांगते, कारण गोठेवाले तेच आग्रहाने देतात. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिल्लाला, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला चांगलं. पण सशाचं शरीर कॅल्शियम गरजेपुरतं न घेता मिळेल तेवढं शोषतं आणि जादाचं लघवीवाटे टाकतं. मोठ्या सशाला रोज लसूणघास दिला की लघवी चुना कालवलेल्या पाण्यासारखी पांढरी, गाळ असलेली होते आणि पुढे खडेही होतात.

ऑनलाइन मिळणारं टिमोथी गवत चांगलं आहे, पण महाग. नसलं तरी ससा जगतो.

प्रमाण? सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग रोज, म्हणजे आहाराचा मोठा भाग तोच. वर मूठ-दोन मुठी पालेभाजी: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची पानं, पुदिना, तुळस. कपिलतीर्थ मार्केटमध्ये संध्याकाळी गेलात तर हा पाला भाजीवाल्या मावशी टाकूनच देत असतात. पालक कधीतरी. गोळ्यांचं खाद्य दोन किलोच्या सशाला दिवसाला ५० ग्रॅमच्या वर नको.

गाजर, चुरमुरे, गूळ, बिस्किट?

गाजराचा बोटभर तुकडा, आठवड्यातून दोनदा. बाकीचं तुम्ही खा. चुरमुरे आणि बिस्किटातल्या पिठाने, गुळाच्या साखरेने सीकममध्ये नको ते जंतू माजतात. कांदा, लसूण, बटाटा आणि चॉकलेट कधीच नाही.

मऊ लेंड्या पिंजऱ्यात चिकटलेल्या दिसतात, मागचे केसही भरलेले असतात. जुलाब आहेत का?

बहुतेक वेळा जुलाब नसतात, न खाल्लेल्या मऊ लेंड्या असतात. फरक सोपा: शेजारी नेहमीच्या कडक लेंड्याही पडत असतील तर ते जुलाब नव्हेत. सगळंच पाण्यासारखं येत असेल तर खरे जुलाब, आणि मग त्याच दिवशी डॉक्टर, पिल्लू असेल तर त्याच तासाला.

मऊ लेंड्या का उरतात? एक तर खाणं इतकं सकस की त्याला त्यांची गरजच वाटत नाही. किंवा ससा इतका लठ्ठ झालाय की तोंड मागे पोहोचत नाही. किंवा पाठ, सांधे, दात दुखतायत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळल्यानेच झिजतात; गवत नसलं की दाढांना टोकं येऊन जीभ आणि गाल कापले जातात.

पावसाळ्यात याकडे दुर्लक्ष करू नका. भरलेल्या केसांवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात, त्या जिवंत कातडीत शिरतात. जून ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ ससा उचलून मागची बाजू बघा. अळ्या दिसल्या तर जनावरांच्या जखमेत घालतात तसं टर्पेंटाइन घालू नका, तसाच डॉक्टरकडे न्या. आणि सगळा ससा आंघोळ घालून धुऊ नका. घाण झालेला भागच कोमट पाण्याने पुसून कोरडा करा.

लेंड्या एकमेकींना केसांनी जोडून माळेसारख्या येतात.

केस गळण्याचे दिवस आहेत. रोज विंचरा, गवत आणि पाणी वाढवा. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे गिळलेला केस पुढेच जायला हवा. माळ थांबून लेंड्या लहान, टणक, वेड्यावाकड्या होऊ लागल्या तर पुढचा प्रश्न वाचा.

कालपासून लेंड्याच नाहीत. खात पण नाही. सकाळपर्यंत वाट बघू का?

नका बघू.

निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंडी नाही म्हणजे आतडं थांबलं आहे, याला दवाखान्यात जी-आय स्टेसिस म्हणतात. आतडं थांबलं की वायू साठतो, पोट दुखतं, दुखल्यामुळे ससा खात नाही, न खाल्ल्यामुळे आतडं आणखी थांबतं. लठ्ठ सशाच्या यकृतात चरबी भरू लागते. ससा ओरडत नाही. कोपऱ्यात गठुळं करून बसतो, डोळे अर्धे मिटतो, दात करकरवतो. कान गार लागले तर वेळ फार थोडा उरला आहे.

आमचा पहिला ससा असाच गेला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक, रात्रभर साऊंड सिस्टीम, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. दुपारपासून तो गप्प होता. मला वाटलं, आवाजाने घाबरलाय, शांत झालं की खाईल. लहान मुलांना देतात तसं हिंगाचं पाणी चमच्याने पाजलं, पोटावरून हात फिरवला. सकाळी रस्ते मोकळे झाले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर दरवर्षी मिरवणुकीच्या दिवशी माझे ससे गावाबाहेर मावशीकडे असतात.

हिंग, ओवा, सोडा, एरंडेल, ग्राईप वॉटर यातलं काही देऊ नका. पोट टणक, फुगलेलं असेल तर जबरदस्तीने भरवू नका. उबदार कापडात ठेवा, जवळ गवत आणि पाणी ठेवा आणि निघा. डॉक्टर वेदनाशामक देतात, सलाईन देतात, अडथळा आहे का ते बघतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचं?

शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लेंडी कधी, रोज काय खातो. लेंड्यांचा फोटो किंवा डबी सोबत न्या. आणि निघण्यापूर्वी फोन करून विचारा की ते ससे बघतात का. आपल्याकडे गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचा अनुभव भरपूर असतो, सशांचा कमी.

दोन नावं मात्र पाठ करा. पहिलं अमॉक्सिसिलिन. कुत्र्या-मांजरांना आणि आपल्याला सर्रास दिलं जाणारं हे औषध सशाच्या तोंडात गेलं तर सीकममधले चांगले जंतू मरून घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत ससा जीवघेण्या जुलाबांनी जाऊ शकतो. अँपिसिलिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन याच पंगतीतली. दुसरं फिप्रोनिल, म्हणजे कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर सोडतात ते. सशाला ते विषारी आहे. चिठ्ठीवर यातलं काही दिसलं तर "सशाला चालतं ना?" असं नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

बाजारातून महिन्याचं पिल्लू आणलंय. ते आमच्या मोठ्या सशाच्या लेंड्या खातं.

पिल्लाला पोटातले जंतू आयते मिळत नाहीत. मादी पाजायला येते तेव्हा घरट्यात काही कडक लेंड्या टाकून जाते आणि दोन-तीन आठवड्यांची पिल्लं त्या कुरतडतात, त्यातून त्यांच्या सीकमची सुरुवात होते. म्हणून आईजवळच्या पिल्लाचं लेंडी चघळणं चांगलंच. पण तुमचं पिल्लू आईपासून फार लवकर तोडलं गेलं आहे. आठ आठवडे तरी आईजवळ हवं होतं. या वयात जठरातलं आम्ल पुरेसं तीव्र झालेलं नसतं, त्यामुळे वाईट जंतूही आत सहज जातात. अनोळखी मोठ्या सशाच्या पिंजऱ्यात लगेच सोडू नका. दुकानात जे खात होतं तेच द्या, गवत भरपूर ठेवा आणि पाला आठवड्याभराने पान-पान वाढवत न्या. दुकानदाराला घरी आल्यावर शिव्या देण्यापेक्षा घेतानाच वय विचारा.

लेंड्या खाऊ नये म्हणून गळ्यात पट्टी बांधली तर?

नको. कडक थांबतील तशा मऊही थांबतील.

आमचा कुत्रा सशाच्या लेंड्या खातो. आणि तुळशीला घातल्या तर चालतील का?

कुत्र्याला सहसा काही होत नाही. सशाचा कॉक्सिडिया सशापुरताच. तुळशीला, गुलाबाला जरूर घाला. कोंबडीच्या विष्ठेसारखं हे खत गरम नसतं, थेट कुंडीत चालतं. हात धुवा, एवढंच.

ऊसतोडीत सशाचं पिल्लू सापडलं, घरी आणलंय. त्याला काय खायला घालू?

ते रानसशाचं आहे, पाळीव सशाची जातच वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी ठेवता येत नाही. शिवाय ते टाकलेलं नसतं. आई दिवसातून अगदी थोडा वेळ पाजायला येते आणि बाकी वेळ मुद्दाम लांब राहते. जिथून उचललं त्याच्या जवळ, फड तोडून झाला असेल तर शेजारच्या उभ्या पिकाच्या कडेला, अंधार पडण्यापूर्वी नेऊन ठेवा आणि कुत्री लांब हाका. जखमी असेल तर वनविभागाला कळवा. तोपर्यंत गाईचं दूध पाजू नका.